जुन्या मोटारीच्या सांगाड्यासाठी लाकूड निवडताना
१९४५ साली आलेल्या एमजी टीसीसारख्या ब्रिटिश मोटारींच्या पत्र्याखालचा सांगाडा ॲश या झाडाच्या लाकडाचा असे, कारण हे लाकूड हादरे सोसते, किंचित लवते आणि स्क्रू घट्ट धरून ठेवते. त्यामुळे बदली तुकडाही शक्यतो ॲशचाच घ्यावा. मात्र फळी बिनगाठीची, सुमारे १२ टक्के आर्द्रतेपर्यंत वाळलेली आणि तुकड्याच्या लांबीला समांतर, सरळ तंतुरेषा असलेली निवडावी. ओक दिसायला भक्कम खरे, पण त्यातील टॅनिन या आम्लधर्मी द्रव्यामुळे पोलादी स्क्रू गंजतात. ॲश ओलाव्याने लवकर कुजते, म्हणून पत्रा चढवण्यापूर्वी त्याला, विशेषतः कापलेल्या टोकांना, संरक्षक लेप द्यावा. कुजलेला जुना तुकडा, भुगा होत असला तरी, नवा बसेपर्यंत फेकू नये, कारण मापे त्याच्यावरूनच घ्यावी लागतात.