कठीण दिवसांत विज्ञानकथेची मालिका कशी पाहावी

जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट किंवा लांबलेले आजारपण अशा काळात चार पाने वाचली तरी काय वाचले ते आठवत नाही. म्हणून या दिवसांत नवी, गाजत असलेली मालिका लावू नये. पूर्वी पाहिलेली, शेवट ठाऊक असलेली मालिका काढावी. पुढे काय होईल याची धास्ती तिच्यात नसते आणि मध्येच लक्ष उडाले तरी काही बिघडत नाही.

प्रत्येक भागात गोष्ट पूर्ण होणारी मालिका अधिक बरी. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७ ते १९९४) या मालिकेचे १७८ भाग आहेत आणि बहुतेक भागांत सुरुवातीला उभे राहिलेले संकट पाऊण तासात मिटते. ‘बॅटलस्टार गॅलक्टिका’ची गोष्ट मात्र मानवजातीच्या संहारापासून सुरू होते, मालिका उत्तम असली तरी दुःख ताजे असताना ती बाजूला ठेवावी, असे माझे मत आहे.

मग विज्ञानकथाच का, विनोदी मालिका का नको? मला वाटते, आपले दुःख तिथे परग्रहाच्या वेशात येते आणि ओळखीच्या घरात जे पाहवत नाही, ते तिथे पाहवते. ‘डीप स्पेस नाइन’ या अंतराळस्थानकावर घडणाऱ्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या १९९३ मधील पहिल्या भागात बायको गमावलेल्या स्थानकप्रमुख सिस्कोची गाठ भूत-भविष्य असा भेदच न कळणाऱ्या जीवांशी पडते. गेलेला काळ परत येत नाही, हे तो बेसबॉलच्या खेळाचा दाखला देऊन त्यांना समजावतो. ते मात्र त्याला पुन्हा पुन्हा जळत्या अंतराळजहाजातल्या त्याच खोलीत, बायकोच्या मृतदेहापाशी आणतात आणि सांगतात की तू इथेच राहतोस. काळाविषयी इतरांना शिकवणारा हा माणूस त्या खोलीतून कधी बाहेरच पडलेला नाही, हे तेव्हा त्याला उमगते. असा भाग पहिल्या आठवड्यात लावू नये. रडू आले तर चालेल, इतपत मन सावरल्यावर लावावा आणि शक्य तर कोणाला तरी सोबत बसवावे.

रोजची मर्यादा आधीच ठरवावी: एक भाग, फार तर दोन. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून ठेवावी, कारण रात्री दोन वाजता थांबण्याचा निर्णय घेण्याइतके बळ या दिवसांत कोणाकडेच नसते. झोप, जेवण किंवा कामावर जाणे कित्येक आठवडे सुटले असेल, तर मालिकेच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना भेटावे.

आसरा कधी सोडावा हा प्रश्न ‘डीप स्पेस नाइन’च्याच १९९८ च्या एका भागात आला आहे. युद्धात पाय गमावलेला तरुण नोग संगणकाने निर्माण केलेल्या जुन्या काळातील गाण्याच्या क्लबमध्ये राहायला जातो. तिथला, संगणकानेच निर्माण केलेला गायक व्हिक त्याला सांभाळून घेतो, हाताशी काम देतो आणि एके दिवशी स्वतःच तो संगणकाचा कार्यक्रम बंद करून त्याला बाहेर पाठवतो. नोग कामावर रुजू होतो. त्यानंतर तो व्हिकचा कार्यक्रम दिवसाचे सव्वीस तास, म्हणजे त्या अंतराळस्थानकाचा पूर्ण दिवस, चालू राहील अशी व्यवस्था करून देतो.