ऑल व्हील ड्राइव्ह गाडीचं खरं ॲव्हरेज असं काढा
मारुती ग्रँड विटाराच्या ऑल व्हील ड्राइव्ह (इंजिनची ताकद चारही चाकांना) मॅन्युअल गिअरवाल्या गाडीला कंपनीने लिटरला १९.३८ किमी सांगितलं होतं, टू व्हील ड्राइव्ह (ताकद दोनच चाकांना) मॅन्युअलला २१.११, पण हे आकडे लॅबमधल्या रोलरवरचे, घाट, ट्रॅफिक आणि डिकीभर सामान त्यात कुठून येणार. म्हणून टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झालं की बस, राउंड फिगरसाठी वरून अजिबात घालू देऊ नका, ट्रिप मीटर शून्य करा आणि चारपाचशे किमीनंतर त्याच पंपावर तसंच भरून भागाकार करा, ४५० किमीला ३० लिटर म्हणजे १५. असं तीनदा तरी कराच. ड्राइव्ह मोड ऑटोवर ठेवा, लॉक मोड (ताकद सतत चारही चाकांना) फक्त चिखलात. टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच बघा.