सोफ्यातला कुत्र्याचा वास घालवायचा तर फवारू नका, ओता

खिडक्या उघडणं, केस झाडणं हे तुम्ही करतच असाल. कुत्र्याचं अंथरूण, खोळी, पट्टा, सोफ्यावरची चादर धुवायला टाका; कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात. गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम फिरवा.

एवढं करूनही हवा दमट झाली की वास परत येतो? मग कुठेतरी शू मुरली आहे. शूमधल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि ओल मिळाली की तो पुन्हा दरवळतो. मी तीन महिने सोफ्याची खोळ धुत बसलो होतो. खोळीला वास नव्हताच, तो आतल्या फोममध्ये होता. सुगंधी फवारे मारून तर घरात गुलाब आणि शू असा एकत्र वास येऊ लागला. त्या फवाऱ्यांवर पैसे घालवू नका.

डाग शोधायला अंधारात अतिनील टॉर्च मारा. साबणाचे डागही चमकतात, म्हणून गुडघ्यांवर बसून हुंगून खात्री करा. लाज वाटायचं कारण नाही.

आता एन्झाइमवालं क्लीनर, म्हणजे शूमधले वास देणारे घटक तोडणारं द्रव; बऱ्याच बाटल्यांत त्यासाठी उपयोगी जिवाणूही असतात. इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलो. बाटलीला फवारा असतो म्हणून आपण वरून दोनदा फुसफुस करतो आणि पाच मिनिटांत पुसून टाकतो. शू जितकी खोल गेली तितकंच खोल हे द्रव जायला हवं. खोळ काढा, फोमवर थेट ओता, आणि डागाच्या कडेबाहेर चार बोटं भिजू द्या, कारण शू आत पसरलेली असते. मग वर प्लास्टिक अंथरा. ओल आहे तोवरच एन्झाइम काम करतं. लेबलवर दिलेला वेळ हा कमीत कमी समजा. जुन्या डागाला मी रात्रभर देतो. नंतर पंख्याखाली पूर्ण वाळू द्या, फोमला दोन दिवसही लागतात. वाळताना वास आधी वाढतो. तेव्हा घाबरून मी फिनेल ओतलं आणि सगळी मेहनत वाया घालवली: जंतुनाशकाने क्लीनरमधले ते उपयोगी जिवाणूही मरतात. पूर्ण वाळल्यावर वास उरलाच तर हेच पुन्हा एकदा करा. दोन खेपांनंतरही येत असेल तर फोम बदला.

ब्लीच तर अजिबात नको. शूमधल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो. वाफेचं यंत्रही नको, उष्णतेने डाग पक्का बसतो. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे, कोणी कितीही नैसर्गिक म्हणो.

फरशी असेल तर सांध्यांतही ओता, गुळगुळीत भाग नुसता पुसला तरी चालतो.

आणि हो, एकदा कुत्र्याचे कान आणि तोंड हुंगा. कानातून आंबूस किंवा तोंडातून कुजका वास येत असेल, किंवा मागच्या बाजूने मासळीसारखा, तर अंघोळी वाढवू नका, पशुवैद्याकडे न्या.