‘हॅव’ची वाक्यं: ‘आहे’ कुठे, ‘घेणं’ कुठे आणि ‘लागणं’ कुठे

मराठीत मालकी सांगायला स्वतंत्र क्रियापद नाही. ‘असणे’ एकच, बाकीचं काम प्रत्ययांचं: मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, माझ्याजवळ शंभर रुपये आहेत, खोलीला तीन खिडक्या आहेत, त्याचे डोळे घारे आहेत. इंग्रजीत या पाचही वाक्यांना ‘हॅव’ चालतं. ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘खोलीला’ यांतला प्रत्यय काढून त्यांना कर्ता करायचं: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘द रूम हॅज थ्री विंडोज’. ‘जवळ’साठी ‘निअर’ नको. पैसे आत्ता अंगावर, खिशात आहेत हेच सांगायचं असेल तर शेवटी ‘ऑन मी’ जोडावं.

मात्र प्रत्येक ‘मला’ला ‘हॅव’ लागत नाही. भूक लागली म्हणजे ‘आय ॲम हंग्री’. थंडी वाजते म्हणजे ‘आय ॲम कोल्ड’. तिथे ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हटलं तर समोरचा सर्दीचं औषध सुचवेल.

इंग्रजीतून मराठीत येताना जास्त जपावं. नाती, अवयव, आजार यांना ‘मला’ किंवा ‘माझा’. वस्तू, पैसा, माहिती यांना ‘माझ्याकडे’. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं की ते मुक्कामाला आलेत असं वाटतं. ‘माझ्याकडे एक प्रश्न आहे’ हे वाक्यही असंच उसनं. आपण ‘मला एक विचारायचंय’ म्हणतो.

आता सगळ्यात उपयोगी कसोटी: हे ‘हॅव’ स्थिती सांगतं की कृती? मालकी, नातं, आजार ही स्थिती. तिला चालू काळ लावत नाहीत. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ आणि ‘आय ॲम हॅविंग फिव्हर’ ही आपल्याकडची नेहमीची चूक. बरोबर रूप ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ फिव्हर’. खाणं, पिणं, अंघोळ, गप्पा, मजा ही कृती, म्हणून ‘वुई आर हॅविंग लंच’ चोख. (ब्रेकफास्ट, लंच, डिनर यांच्याआधी एरवी ‘अ’ लागत नाही.) ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे, ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. अभिनंदन करण्याआधी काळ नीट ऐकावा.

प्रश्न आणि नकार करताना ‘डू’ घ्या: ‘डू यू हॅव अ पेन?’, ‘आय डोन्ट हॅव अ पेन’. ‘हॅव यू अ पेन?’ हे आता जुनाट वाटतं. ‘हॅव गॉट’ असेल तर ‘डू’ नको: ‘हॅव यू गॉट अ पेन?’ आणि ‘डज’ आलं की ‘हॅज’ जातं. ‘डज शी हॅज’ हे चूकच, कारण तृतीयपुरुषाची खूण ‘डज’ने आधीच घेतली.

‘हॅव टू’ म्हणजे ‘लागणं’: ‘आय हॅव टू गो’, मला जावं लागेल. बोलताना ते ‘हॅफ्टू’ ऐकू येतं. खरी अडचण नकारात आहे. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे यायची गरज नाही, वाटलं तर या. ‘यू मस्टन्ट कम’ म्हणजे यायचं नाही. पहिल्यालाच मनाई समजून लोक उगाच दुखावतात.

मराठी माणूस सर्वांत जास्त चुकतो तो दुसऱ्याकडून करून घेण्याच्या वाक्यात. आपण ‘केस कापले’ म्हणतो आणि कात्री न्हाव्याच्या हातात होती हे गृहीत असतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे स्वतःच कापले. तिथे ‘आय हॅड माय हेअर कट’ हवं: ‘हॅव’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. क्रम मोडला तर अर्थ बदलतो. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे त्याआधीच मी स्वतः केस कापले होते. माणसाचं नाव घालायचं असेल तर मूळ रूप, तेही ‘टू’शिवाय: ‘आय हॅड द प्लंबर फिक्स द टॅप’. हाच साचा नको असलेल्या घटनेलाही चालतो: ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ट’, त्याचा खिसा कापला गेला.

पूर्ण काळात ‘हॅव’ निव्वळ सहायक असतं, मालकीशी त्याचा संबंध उरत नाही. तिथे एवढं पाळा की ‘येस्टर्डे’, ‘लास्ट वीक’ असा ठरलेला गेलेला वेळ आला की साधा भूतकाळ: ‘आय सॉ हिम येस्टर्डे’. ‘हॅड हॅड’ दिसलं तर ती छपाईची चूक समजू नका. पहिलं सहायक, दुसरं मुख्य: ‘दे हॅड हॅड लंच’, त्यांचं जेवण झालं होतं. ‘यू हॅड बेटर गो’ मध्ये तर भूतकाळही नाही. तो आत्ताचा सल्ला आहे, थोडा दम दिल्यासारखा, त्यामुळे साहेबांशी किंवा वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘यू शुड’ बरं.