पूर ओसरल्यावर अंगणातला गाळ कसा काढावा: छोट्या इलेक्ट्रिक प्रेशर वॉशरचा नीट वापर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हीच पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. पाणी चढताना सामान माडीवर कसं न्यायचं, गाडी कुठं लावायची, जनावरं कधी हलवायची, हे त्या दोन महापुरांनी नदीकाठच्या प्रत्येक घराला शिकवलं. पाणी उतरल्यावर मागं राहणाऱ्या गाळाचं काय करायचं, हे मात्र अजूनही जो तो आपल्या परीनं ठरवतो आणि त्यात पाठ, मोटर आणि शेजार, तिन्ही बिघडतात.

हा लेख त्या गाळाबद्दल आहे. फाटकापासून उंबऱ्यापर्यंतचं अंगण, गाडी लावायची जागा, बाहेरचा जिना, एवढाच भाग धरला आहे. गाड्या धुवायला घेतलेलं छोटं इलेक्ट्रिक प्रेशर वॉशर, म्हणजे पंपानं पाण्याची जोरदार धार मारणारं यंत्र, आता पुष्कळ घरांत असतं. नीट वापरलं तर पुरानंतर ते फार उपयोगी पडतं. पण एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्या: हे यंत्र गाळ उचलत नाही. जाड गाळ खोऱ्यानंच काढायचा. तो काढल्यावर फरशीला चिकटून राहणारा पातळ थर सोडवणं, एवढंच यंत्राचं काम.

पाणी उतरत असतानाच सुरुवात

नदीकाठच्या गावांत जुनी माणसं सांगतात, पाणी उतरेल तसं धुवत जावं. आंबेवाडी, चिखलीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत पूर पाहिलेल्या घरांतली ही रीत आहे आणि तिच्यामागचं कारण साधं आहे. पुराच्या पाण्यातला गाळ फार बारीक असतो. पाणी हलतं आहे तोवर तो पाण्यात तरंगतो, पाणी थांबलं की खाली बसतो, आणि ऊन लागलं की भेगा पडून फरशीला घट्ट धरतो. वाळलेला थर काढायला ओल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं, आणि पुरानंतर नेमकं पाणीच नसतं.

म्हणून अंगणात घोट्याएवढं पाणी उरलं, ओढ राहिली नाही आणि घराची वीज बंद असल्याची खात्री झाली, की गमबूट घालून खराटा आणि रबरी वायपर हातात घ्या. तळाचा गाळ ढवळत राहा आणि उतरत्या पाण्याबरोबर तो फाटकाकडं ढकला. या वेळी कोणतंही विजेचं यंत्र हातात घ्यायचं नाही. पाण्यात उभं राहून प्रेशर वॉशर चालवणं जिवाशी खेळणं आहे.

काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भिंतीवरची पाण्याची रेघ, अंगणातला गाळ, भिजलेलं सामान, सगळं. पंचनाम्याला आणि विम्याला ते लागतात, आणि एकदा धुतलेलं अंगण कितीही सांगून पुन्हा तसं दिसत नाही.

गाळात हात घालण्याआधी काठीनं चाचपून घ्या. पुरात साप कोरडी जागा शोधत घराच्या आडोशाला येतात. कुंड्यांच्या मागं, जिन्याखाली, रचलेल्या विटांत ते हमखास सापडतात. दिसला तर मारायला धावू नका, लांब राहा आणि सर्पमित्राला बोलवा.

जाड गाळ: खोरं आणि घमेलं

हिशेब करून बघा. दहा फूट बाय दहा फूट अंगणावर एक इंच ओला गाळ असला, तर त्याचं वजन साडेतीनशे ते चारशे किलो भरतं. म्हणजे वीस-पंचवीस घमेली. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. गल्लीतली, तालमीची चार पोरं मिळून एकेक अंगण घेत गेली तर ते लवकर उरकतं.

गाळ कुठं टाकायचा हे पहिलं घमेलं भरायच्या आधी ठरवा. गटारीत ढकलणं सगळ्यात सोपं वाटतं, पण त्यानं गटार तुंबते आणि पुढच्या सरीला तेच पाणी गल्लीत परत येतं. शेजाऱ्याच्या फाटकासमोर ढीग करण्याबद्दल तर बोलायलाच नको. रस्त्याच्या कडेला, गटारीचं तोंड आणि जाण्यायेण्याची वाट सोडून ढीग करा, म्हणजे महापालिकेच्या गाडीला तो एका फेरीत उचलता येईल. प्लास्टिक, काच आणि भिजलेल्या गाद्या वेगळ्या ठेवा. मातीत मिसळल्या की त्या उचलायला कोणी तयार होत नाही.

खोऱ्यानं काढून झाल्यावर वायपर मारा. फरशीचा रंग जागोजागी दिसू लागला, की यंत्र बाहेर काढायची वेळ झाली.

वीज: इथं घाई नाही

मीटर किंवा मेन स्विच पाण्यात बुडाला असेल, तर महावितरणच्या माणसानं आणि तुमच्या वायरमननं तपासल्याशिवाय तो चालू करायचा नाही. खालच्या मजल्यावरचे बुडालेले प्लग बाहेरून कोरडे दिसले तरी आत ओल आणि गाळ असतो. यंत्रासाठी वीज घ्यायची ती पाणी न पोचलेल्या वरच्या मजल्यावरून. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही त्याच्या लाइनमध्ये वीज राहते, तोही बंद करा.

घरगुती प्रेशर वॉशर साधारण १४०० ते १८०० वॉटचं असतं, म्हणजे सहा ते आठ अँपिअर करंट ओढतं. त्याला १६ अँपिअरचा तीन पिनांचा पॉवर प्लगच हवा, पंख्या-दिव्याचा बारका प्लग चालणार नाही. अर्थिंग हवंच. आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी, म्हणजे वीज गळली तर क्षणार्धात पुरवठा तुटतो. तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. खटका पडला तरच पुढं जा. आरसीसीबी नसेल तर आधी ती बसवून घ्या, तोवर खराटा आणि बादली बरी. या एका मुद्द्यावर तडजोड करू नका. पुरातून सुखरूप वाचलेलं माणूस साफसफाई करताना विजेच्या धक्क्यानं जाणं, हे टाळता येण्यासारखं दुःख आहे.

एक्स्टेन्शन लागलंच तर अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअरची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडून पसरा, गुंडाळलेली वायर तापते. प्लगचा जोड जमिनीवर ठेवू नका. खिडकीच्या गजाला किंवा खुंटीला उंच अडकवा. वीज आलीच नसेल आणि जनरेटर आणला असेल, तर तो उघड्यावर ठेवा. पार्किंगच्या बंद जागेत किंवा पडवीत नाही, कारण त्याचा धूर वास न येताही जीव घेतो.

यंत्रच पुरात बुडालं असेल तर ते सुकवून लावून बघायच्या फंदात पडू नका, मेकॅनिककडं द्या.

पाणी कुठून आणायचं

महापुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली की शहराचा नळ बंद पडतो, हे आपण पाहिलं आहे. इथंच या यंत्राचा मोठा फायदा आहे. नळाला लावलेली साधी पाइप मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज घालवते, प्रेशर वॉशर पाच ते सात लिटरमध्ये भागवतं. दोनशे लिटरचं एक बॅरल अर्धा तास पुरतं.

बॅरल कट्ट्यावर किंवा चार विटांवर उंच ठेवा. पाइपचं तोंड तळाला टेकू देऊ नका, वीतभर वर ठेवा, म्हणजे तळाचा गाळ यंत्रात ओढला जाणार नाही. यंत्राच्या पाणी घेण्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती आहे ना हे बघा आणि प्रत्येक बॅरलनंतर धुवा. वाळूचे कण आत गेले की पंपाची सीलं जातात. विकत घेताना बॅरलमधून स्वतः पाणी ओढणारं यंत्र आहे का, हे विचारून घ्या. सगळी ओढत नाहीत, आणि आपल्याला नेमकं तेच लागतं. बुडालेल्या विहिरीचं किंवा आडाचं पाणी फवारू नका. ते बादलीनं ओतायला ठीक आहे, पण त्याचा धुरळा नाकातोंडात जाऊ नये.

यंत्र चालवताना

अंगावर गमबूट, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क हवा. शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचं आणि ड्रेनेजचं पाणी पुरात मिसळलेलं असतं, त्यामुळं अंगणातला गाळ नुसती माती नसतो. पायाला जखम असेल तर त्या दिवशी दुसऱ्याला काम करू द्या.

पाइप जोडा, पाणी सोडा आणि यंत्र चालू करण्याआधी धार मारायच्या बंदुकीचा खटका दाबून धरा. सुरुवातीला हवा आणि पाणी तडतडत येईल. सलग धार लागली की खटका सोडा, मग बटण चालू करा. कोरडा पंप फिरला तर थोड्या वेळात खराब होतो.

नोझल रुंद धारेचं लावा, २५ किंवा ४० अंशांचं. सुईसारखी बारीक धार गाळाला भोक पाडते, थर उचलत नाही, आणि फरशीचे सांधे उकरते. नळी जमिनीपासून फूटभर उंच आणि तिरकी धरा. उताणी पडलेली भाकरी उलथन्यानं सोडवतात तशी धार थराच्या कडेखाली घालायची आणि तो पुढं लोटायचा. घराच्या भिंतीपासून सुरू करून फाटकाकडं यायचं. एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवत जा, मध्ये राहिलेल्या रेघा वाळल्यावर ठळक दिसतात. सोबत दुसऱ्या माणसानं वायपरनं सुटलेला गाळ ओढत राहायचा. एकट्यानं धुतलेला गाळ फक्त जागा बदलतो.

कोटा आणि शहाबादी फरशीला ही रीत सरळ लागू पडते. पेव्हर ब्लॉकवर धार तिरपी आणि दीड-दोन फुटांवरून मारा. फटींतली वाळू उडाली तर पाऊस उघडल्यावर नवी वाळू झाडून भरा, नाहीतर ब्लॉक हलायला लागतात. जुन्या पेठांतल्या माती-चुन्याच्या भिंतींवर प्रेशरची धार अजिबात मारू नका. आठवडाभर भिजलेली भिंत आतून मऊ झालेली असते. तिथं तांब्यानं पाणी ओतून मऊ कुंच्यानं घासा. मीटरची पेटी, बोअरचा पॅनेल, एसीचं बाहेरचं यंत्र यांच्याकडंही धार वळवायची नाही.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात तुमचं घर असेल तर आणखी एक विनंती. पूर येतो ते दिवस गणपती घडवण्याचे असतात. वाचवलेल्या मूर्ती शेजारच्या ओसरीवर, माडीवर वाळत असतात आणि प्रेशरचा फवारा वाटतो त्यापेक्षा लांब उडतो. शेजाऱ्याला हाक मारून, ताडपत्री टाकून झाल्यावरच यंत्र सुरू करा. त्या घराचं वर्षाचं उत्पन्न त्या मूर्तींत असतं.

धार माणसाकडं, जनावराकडं किंवा स्वतःच्या बुटाकडं वळवू नका. शंभर बारच्या (बार हे दाबाचं माप) वरची धार कातडी फोडून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसली तरी आत इजा मोठी असते, त्यामुळं तसं झालं तर तडक दवाखाना गाठा. कार्बन ब्रशच्या मोटरीचं लहान यंत्र सलग चालवू नका. एक बॅरल संपलं की दुसरं भरेपर्यंत त्याला थंड होऊ द्या.

धुतल्यानंतर

फरशी स्वच्छ झाली की ब्लिचिंग पावडर. गाळ असताना टाकलेली पावडर गाळातच वाया जाते. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, असं द्रावण करून खराट्यानं पसरा, अर्धा तास ठेवा आणि साध्या पाण्यानं धुवा. हे द्रावण यंत्रातून फवारू नका, सीलं खराब होतात. आणि संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

काम करणाऱ्या सगळ्यांनी साबणानं हातपाय धुवावेत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर ते घ्यावं, आणि लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावं. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, पिंडऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात गेल्यावर पुराच्या गाळात काम केल्याचं आवर्जून सांगा.

यंत्राची काळजी थोडक्यात: पाच मिनिटं स्वच्छ पाणी चालवा, बटण बंद करा, प्लग काढा, मग खटका दाबून आतला दाब सोडा. जाळी धुवा, पाइपमधलं पाणी झटकून काढा.

नवीन घ्यायचा विचार असेल तर चार घरांत मिळून एक पुरे. १०० ते १३० बारचं साधं यंत्र घ्या, त्याहून मोठं अंगणाला लागत नाही. ते ठेवायचं मात्र त्या चार घरांतल्या ज्या माडीवर २०२१ चं पाणी पोचलं नव्हतं तिथं, आणि वायर, गमबूट, वायपर त्याच्यासोबत एकाच पोत्यात बांधून.