पानगळीआधी बाग आवरताना: कुत्र्या-मांजरांच्या घरासाठी तयारीची यादी

पहिली पिवळी पानं गळायला लागली की हात आपसूक खराट्याकडे जातो. घरात कुत्रा, मांजर किंवा ससा असेल तर त्याआधी बागेत एक फेरी वाकून मारा, त्यांच्या नाकाच्या उंचीवरून. उभ्यानं पाचोळा तेवढा दिसतो. वाकल्यावर त्याखालची सडकी फळं, रात्रीत उगवलेल्या अळंब्या आणि कुंपणाच्या तळाशी पडलेली फट दिसते. फट आजच बुजवा. अळंबी विषारी आहे की नाही हे ठरवत बसू नका, सरळ उपटून झाकणाच्या डब्यात टाका. जमिनीतलं तिचं जाळं तसंच राहतं, त्यामुळे ओल आहे तोवर रोज सकाळी ही पाहणी करावी लागते. गळलेली फळंही रोजच्या रोज उचला. ती आंबतात, त्यांवर गांधीलमाश्या बसतात आणि पीच, जर्दाळू किंवा आलुबुखाराची कोय कुत्र्यानं गिळली तर ती आतड्यात अडकते. चावून फोडली तर आतल्या बीमधून सायनाइड तयार होतं.

इथवरचं सगळं बागेत आपोआप येणारं. मला जास्त काळजी वाटते ती आपण हौसेनं विकत आणतो त्या वस्तूंची, आणि त्यात पहिला नंबर कंदांचा. वसंतात फुलणारे ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ याच दिवसांत लावायचे असतात. त्यांचं विष पानाफुलांपेक्षा कंदात जास्त असतं, आणि नेमका कंदच कुत्रा उकरून काढतो. त्यात खड्ड्यात हाडांचा चुरा घातला असेल तर विचारायलाच नको, त्या वासानं तो पुन्हा पुन्हा तिथेच खणेल. हा चुरा नुसताही भरपूर खाल्ला गेला तर पोटात त्याचा घट्ट गोळा होऊ शकतो. म्हणून कंदांना चांगलं कुजलेलं खत द्या आणि वर मातीखाली तारेची जाळी अंथरा. कोंब जाळीतून वर येतात, पंजा मात्र आत जात नाही. भुसभुशीत मातीत मांजरांना शी करायला आवडतं, तेही या जाळीनं थांबतं.

मांजर असेल तर लिलीचे कंद मात्र आणूच नका. पान चावायचीही गरज नसते. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. या एका बाबतीत तडजोड नको. शरदात फुलणारं कॉल्चिकम हे कंदाचं फुलझाडही तितकंच टाळण्यासारखं आहे, कुत्र्या-मांजरां दोघांसाठी.

कंपोस्टच्या ढिगाला घट्ट झाकण हवं. सडत्या अन्नावर वाढणाऱ्या काही बुरशी असं विष तयार करतात की ते पोटात गेल्यावर कुत्रा थरथरू लागतो, त्याला झटके येतात. गोगलगाईंसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या, उंदराचं औषध आणि इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून गाडीत घालायचं अँटीफ्रीझ वरच्या कपाटात, कुलपात ठेवा. अँटीफ्रीझ चवीला गोड असतं आणि मांजराच्या जिवावर बेतायला थोडंसंही पुरतं. रक्त गोठू न देणाऱ्या उंदराच्या औषधाचं तर लक्षणच काही दिवसांनी दिसतं, म्हणून खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट पाहू नका.

पाचोळा सगळाच झाडून टाकायला हवा असं नाही. एका कोपऱ्यात ढीग राहू द्या, किड्यामुंग्यांना आणि काटेरी हेजहॉगसारख्या लहान जिवांना थंडीत आसरा मिळतो. फक्त तो जनावरांच्या वावरापासून कुंपणानं वेगळा करा, कारण ओल्या पानांत गोचीडही दबा धरून असते. बागेतून आत आल्यावर कान, काख, बोटांच्या बेचक्या चाचपून पाहा; वाळक्या गवताची कुसळंही तिथेच घुसतात. गोचीड बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची. तिच्यावर तेल ओतू नये, काडी पेटवून लावू नये.

दिवस लहान होतात तसे बऱ्याच जनावरांचे केस बदलतात, तेव्हा विंचरणं वाढवा. संध्याकाळी बाहेर सोडताना गळ्यात उजेडात चमकणारा पट्टा घाला. सशाचा पिंजरा विटांवर उचलून घ्या, त्याचं तोंड वाऱ्याच्या दिशेला नको, आत कोरडा पेंढा भरपूर.

एक डबा दाराशीच असू द्या: चिमटा, जुना टॉवेल, टॉर्च आणि पशुवैद्याचा दिवसाचा व रात्रीचा नंबर. जनावरानं काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, त्यानं मिठाचीच विषबाधा होऊ शकते. आधी फोन करा आणि जाताना पाकीट किंवा उरलेला तुकडा सोबत न्या.

कंद लावायच्या दिवशी कुत्र्याला आधी लांबवर फिरवून आणा आणि काम होईपर्यंत घरात ठेवा. पिशवीतले कंद लावण्याआधी मोजा आणि खड्डेही मोजत जा. एखादा कमी भरला तर तो सापडेपर्यंत दार उघडू नका.