बागेतील काँक्रीटच्या मूर्तींसाठी लॅटेक्सचा साचा निवडताना

लॅटेक्सचा, म्हणजे नैसर्गिक रबराचा साचा विकत घेताना नक्षीच्या आधी त्याची जाडी पाहावी. ओले काँक्रीट पाण्याच्या जवळजवळ २.४ पट जड असल्यामुळे पातळ साचा तळाशी फुगतो आणि बसलेल्या सशाला नको तेवढे पोट सुटते. म्हणून लहान मूर्तीसाठीही २ ते ३ मिलिमीटर जाडीचा आणि तोंडाशी रुंद काठ असलेला साचा घ्यावा, म्हणजे तो प्लायवुडला पाडलेल्या भोकात अडकवून उलटा टांगता येतो. फूट-दीड फुटाहून उंच मूर्तीच्या साच्यासोबत फायबरग्लासचे किंवा प्लास्टरचे बाहेरचे कवच नसेल, तर तो कितीही स्वस्त मिळाला तरी माझ्या मते घेऊ नये. साचा उजेडासमोर धरून हलकेच ताणावा. कान, चोच, बोटे अशा टोकांशी पातळ ठिपके किंवा हवेचे बुडबुडे दिसले, तर सोलून काढताना तो बहुधा तिथेच फाटतो. लोखंडी साच्यांना चालणारे जळके ऑइल येथे मुळीच लावू नये, कारण तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. साबणाचे पाणी पुरते. साचा वापरल्यावर लगेच धुऊन, टाल्कम पावडर लावून, उन्हापासून दूर ठेवावा.